सिनेमा ऐकणारे दाजी

अख्ख्या सांगली जिल्ह्यात सिनेमाला जाऊन सिनेमा न पाहता नुसता ऐकून येणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. दाजी जगात पुष्कळ असतील. पण पडद्यावर नायक-नायिका बर्फात लोळून गाणं म्हणत असताना खुशाल घोरणारे, आणि पुढच्याच क्षणी नायकाच्या आईनं "जेवलास का रे?" एवढं विचारल्याबरोबर खाडकन जागे होऊन शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारणारे दाजी एकच. "ऐकलंत? काय विचारलं ऐकलंत?" असं ते त्या अनोळखी माणसाला विचारतात. तो बिचारा म्हणतो, "जेवलास का, असं विचारलं." त्यावर दाजी आनंदानं म्हणतात, "तेच तर! जेवणाबद्दल तिला काही विचारायचंच नाहीये!" आणि पुन्हा डोळे मिटतात. मध्यंतरानंतर त्यांच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असते.

दाजी इस्लामपूरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि राहायचे सांगलीत. ऊस आणि कुस्ती पिकणाऱ्या मुलखात तत्त्वज्ञानाला विद्यार्थी कुठून मिळणार? त्यांच्या वर्गात विद्यार्थ्यांपेक्षा पंखे जास्त, असं ताई म्हणायची, आणि ते खरं होतं. पण त्यामुळं दाजींचं काही अडलं नाही. परदेशातल्या काही तत्त्वज्ञांनी म्हणे असं ठरवलं होतं, की सत्य, ज्ञान, आत्मा असल्या भारदस्त शब्दांच्या मागं धावून उपयोग नाही. साधी माणसं रोजच्या बोलण्यात कुठला शब्द कधी, कुणाला आणि कशासाठी वापरतात ते कान देऊन ऐका, निम्मी कोडी तिथंच सुटतात. दाजींनी हा विचार असा काही मनावर घेतला, की बाकीचं तत्त्वज्ञान त्यांनी परीक्षेपुरतंच ठेवलं. त्याला स्वतःची एक पुस्तीही जोडली. "रोजचं बोलणं निवांत ऐकायचं तर थेटरासारखी जागा नाही. घरात कुणी बोललं की उत्तर द्यावं लागतं. सिनेमात ते झंझट नाही," असं ते म्हणत. हे ऐकलं की ताईच्या भांड्यांचा आवाज जरा वाढे इतकंच.

ते मूळचे आटपाडीकडचे. आमच्या भागात पाणी कमी आणि शब्दही कमी, असं ते स्वतःच सांगतात. पण तिकडून येताना सगळ्या गावाचा शिल्लक कोटा हेच घेऊन आले असावेत. ताईला पाहायला आले तेव्हाची गोष्ट आमच्या घरात अजून सांगितली जाते. पोहे झाले, चहा झाला, वडिलांनी घसा खाकरून विचारलं, "मग? मुलगी पसंत आहे ना?" कुठल्याही मुलानं खाली मान घालून हो म्हणायचं किंवा "कळवतो" म्हणायचं. दाजी म्हणाले, "पसंत हा शब्द आपण साडीला वापरतो, घराला वापरतो, बैलालाही वापरतो. माणसाला तो चालेल का, असा मी विचार करतोय." वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली. दाजींच्या वडिलांनी कपाळाला हात लावला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आरं, व्हय म्हन की गप." तेवढ्यात आतल्या खोलीतून ताईचं हसू फुटलं, ते थांबेचना. लग्न त्या हसण्यानं ठरलं. वडील मात्र पुढं कित्येक वर्षं दाजींना कुठलाही सरळ प्रश्न विचारायला घाबरत. "पाऊसपाणी काय म्हणतंय?" असं विचारायचे आणि उत्तर यायच्या आत मागच्या दारी जायचे.

या माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय हे मी सुट्टीत त्यांच्याकडं राहायला गेलो की पाहत असे. एकदा पंख्यातून जळका वास येऊ लागला म्हणून ताईनं वायरमनला फोन केला. तो म्हणाला, "आलोच." ही गोष्ट मंगळवारची. बुधवारी फोन केला, "आलोच." गुरुवारी, "निघालोच." ताई घामाघूम होऊन चिडली होती आणि दाजी उघड्या अंगानं खोलीत फेऱ्या घालत होते, पण त्यांचा चेहरा उजळला होता. "अगं, तू त्याला खोटारडा म्हणू नकोस. 'आलोच' हा भूतकाळ आहे. तो आलेला नाही, येणार आहे की नाही हेही ठरलेलं नाही, तरी तो भूतकाळ वापरतो. का? कारण तो माहिती देत नाहीये, तुला धीर देतोय!" ताई म्हणाली, "मला धीर नको, वारा हवाय." शुक्रवारी वायरमन खरोखरच आला तेव्हा दाजींनी दारातच त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "या, या. तुम्ही मंगळवारीच आलात, दिसलात फक्त आज." त्या माणसानं पंखा दुरुस्त केला, पण त्यानंतर कधीही फोन उचलला नाही.

थेटरात दाजींची जोडी जमली ती गल्लीतल्या टेलरचाचांशी. चाचांना हाणामारी, गाणी आणि नायिकेच्या झंपरची शिलाई यात रस. बोलण्याचे प्रसंग आले की ते पानाला बाहेर जात. दाजींचं बरोबर उलटं. सिनेमा संपल्यावर दोघं पायी घरी येत आणि येताना एकमेकांना आपापला अर्धा सिनेमा सांगत. "आवं सर, गोदामात हिरोनं आठ जण लोळवले तवा तुमी घोरत हुता," असं म्हणून चाचा भर रस्त्यात ती मारामारी करून दाखवत. मग दाजी सांगत, "आणि तुम्ही पानाला गेलात तेव्हा धाकटा भाऊ थोरल्याला म्हणाला, मी तुला ओळखत नाही. आता बघा चाचा, हे खोटं आहे का? त्याला तर पक्कं माहीत आहे हा आपला भाऊ." चाचा थोडा विचार करत आणि म्हणत, "खोटं कसलं? राग हाय त्यो." दाजी त्यांना तिथल्या तिथं मिठी मारत. घरी पोचेपर्यंत दोघांचा मिळून एक सिनेमा पुरा झालेला असे.

हे सगळं वर्षानुवर्षं गमतीत चाललं होतं. पण निवृत्त झाल्यावर दाजींना सांगलीतल्या काही हौशी सिनेमाप्रेमींनी व्याख्यानाला बोलावलं. तुमच्या आवडीचा कुठलाही एक सिनेमा निवडा आणि त्यावर बोला, असं आमंत्रण. दाजींनी निवडलेला सिनेमा आता त्यांच्याखेरीज कुणाच्या लक्षात नसावा. दोन खोल्यांत राहणारं एक जोडपं, नवरा कारकून. बायको काहीही सांगायला लागली की तो म्हणतो, "मला माहीत आहे." शेवटी ती बॅग भरून माहेरी जाते, आणि बऱ्याच दिवसांनी हा तिच्या दारी जाऊन पायरीवर बसतो आणि पाणी मागतो. ती "हं" म्हणते. संपला सिनेमा. लोकांनी त्या काळी तिकिटाचे पैसे परत मागितले होते म्हणे. दाजींच्या मते मात्र माणसाच्या ज्ञानाबद्दल इतकं खोल असं आजवर कुणी बोललंच नव्हतं, परदेशात तर नाहीच नाही.

महिनाभर घरातल्या टीव्हीवर तो सिनेमा सकाळ-संध्याकाळ चालू. ताईला त्यातले संवाद पाठ झाले. दूधवाल्यालाही झाले. नेमकं त्याच महिन्याच्या अखेरीला ताई निवृत्त होणार होती. इस्लामपूरजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत ती शिकवत होती, सगळी नोकरी त्याच पट्ट्यात झालेली. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिचा निरोप समारंभ, आणि त्याच शनिवारी संध्याकाळी सांगलीत दाजींचं व्याख्यान. मुलगी परदेशात. माझं साताऱ्याला औषधांचं दुकान, ते सकाळी बंद ठेवता येत नाही, म्हणून मी संध्याकाळी येतो म्हटलं होतं. तेव्हा सकाळी तिच्या बाजूनं खुर्चीवर बसायला दाजी एकटेच. ताई आठवडाभर त्यांना सांगत होती, शनिवारी अकरा वाजता. आणि दाजी दरवेळी पडद्यावरची नजर न हलवता म्हणत होते, "मला माहीत आहे गं."

शनिवारी सकाळी ताई साडी नेसून पुढं गेली. दाजी नऊच्या एस.टी.नं निघणार होते. अंगात इस्त्रीचा सदरा, पायात चपला, अशा तयारीत ते शेवटचा प्रसंग फक्त एकदा ऐकावा म्हणून टेकले. नायिकेचं ते "हं" होकार आहे की टोमणा, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं. त्यांनी ते "हं" पुन्हा ऐकलं, मग पुन्हा. मान वर केली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि पायात चपला तशाच होत्या.

संध्याकाळी मी पोचलो तेव्हा वाचनालयाचा हॉल बऱ्यापैकी भरला होता. चाचा शेवटच्या रांगेत, बाहेर जायला सोपं म्हणून. ताई शाळेतून परस्पर तिथंच आली होती आणि पहिल्या रांगेत बसली होती. खांद्यावर नवी शाल, मांडीवर नारळ, हातात कागदात गुंडाळलेले गुलाब. मी विचारलं, "कसा झाला समारंभ?" ती म्हणाली, "झाला." मला वाटलं दमली असेल.

दाजी बोलायला उभे राहिले आणि खरं सांगतो, असे कधी बोलले नव्हते. "या नवऱ्याला सगळं माहीत आहे," ते म्हणाले. "बायको दमली आहे, माहीत आहे. तिच्या आईचं दुखणं वाढलंय, तेही माहीत आहे. मग 'मला माहीत आहे' हे वाक्य तो कशासाठी वापरतो? दार लावायला. तिनं तोंड उघडलं की हा कडी घालतो. माहीत असणं सोपं आहे हो. रस्त्यात समोरून माणूस येतो, तो कोण हे आपल्याला पक्कं माहीत असतं, आणि तरी आपण त्याला ओळख दाखवत नाही. या नवऱ्यानं आयुष्यभर स्वतःच्या घरात हेच केलं. आता आपल्यापैकी प्रत्येकानं..." आणि इथं त्यांची नजर खाली पहिल्या रांगेत गेली.

त्यांनी नारळ पाहिला. मग शाल पाहिली. तोंड उघडंच राहिलं आणि त्यातून काही आलं नाही. लोकांना वाटलं, हा व्याख्यानाचाच भाग आहे. माझ्या शेजारच्या वयस्क गृहस्थांनी डोळे मिटून मान डोलावली. अध्यक्ष हळूच "वा!" म्हणाले. ताई उठली, नारळ पिशवीत टाकला आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्या गडगडाटात शेवटच्या रांगेतून चाचांचा आवाज आला, "सर, भाषन ऱ्हाऊ द्या! वैनी गेल्या!"

ताई माझ्या गाडीत येऊन बसली आणि म्हणाली, "साताऱ्याला चल." कऱ्हाडच्या पुढं म्हणाली, "नारळ तुझ्या बायकोला दे. चटणी करा."

दुसऱ्या दिवसापासून दाजींचे फोन सुरू झाले. ताई घ्यायची नाही, म्हणून ते फोन माझ्या दुकानात येत. गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागतंय आणि कानाला दाजी. "पाव्हणं, मी तिला काय म्हणू? 'राहून गेलं' म्हणू का? पण बघा, त्यात मी कुठंच नाही. जणू ते आपलं आपण राहिलं आणि आपलं आपण गेलं." संध्याकाळी पुन्हा फोन. "'समारंभ चुकला' असं म्हटलं तर? पण बस चुकते तसं वाटतं, जणू समारंभच वेळेआधी सुटला." दुसऱ्या दिवशी, "'विसरलो' म्हणावं तर विसरलो नव्हतो, चपला घातल्या होत्या." मी म्हटलं, "दाजी, माझी चूक झाली असं म्हणा की सरळ." मग म्हणाले, "'झाली'? पाऊस झाला, सकाळ झाली, तशी?" मी फोन ठेवला. घरी जाऊन ताईला हे सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. तिनं मेथी निवडता निवडता वर न बघता सांगितलं, "त्यांना म्हणावं, क्रियापद सापडलं की फोन करा."

पण त्या दिवशी ती जेवली नाही. रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. माझी बायको म्हणाली, "हे गमतीचं राहिलेलं नाही हं." मलाही ते कळत होतं. ताई शेजारणींकडं शिकवणीच्या वर्गांची चौकशी करत होती, साताऱ्यात कुठं जागा मिळेल का असं विचारत होती. चौकशी ती अगदी शांतपणे करत होती, आणि मला त्या शांतपणाचीच धास्ती वाटत होती.

त्या आठवड्याच्या शेवटी दाजी आले. न कळवता, सकाळच्या गाडीनं. दाढी वाढलेली, सदरा तोच. ते दारातच उभे राहिले आणि त्यांनी काही बोलायच्या आत ताई आतून म्हणाली, "पाणी मागायचं नाही हं! तो सिनेमा मीपण पाहिलाय, महिनाभर." दाजींनी उघडलेलं तोंड मिटलं. बहुतेक तेच मागणार होते. ते सोफ्याच्या अगदी कडेला बसले. आम्ही नवरा-बायको उगीचच इकडून तिकडं ये-जा करत होतो. घर लहान, जाणार कुठं?

"मी सगळी क्रियापदं बघितली," दाजी म्हणाले.

"मग?"

"एकबी उपेगाचं न्हाई."

मी दाजींच्या तोंडून आटपाडीची भाषा त्याआधी एकदाच ऐकली होती, त्यांची आई गेली तेव्हा. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दाजींनी तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "त्या दिवशी साळंत तू काय बोललीस?"

"आता काय करायचंय त्याचं? झालं ते."

"मला ठावं न्हाई," दाजी म्हणाले. "सांग."

ताई पदराला हात पुसत हॉलमध्ये आली आणि टीव्हीच्या शेजारी उभी राहिली, वर्गात उभी राहते तशी. सुरुवातीला "आदरणीय मुख्याध्यापक" म्हणाली आणि स्वतःच थांबली, कारण समोर दाजी, मी आणि हातात लाटणं घेतलेली माझी बायको एवढेच होतो. पण मग तिला सूर सापडला. नोकरीच्या पहिल्या वर्षी गावात एस.टी. जात नव्हती, फाट्यावर उतरून उसातल्या वाटेनं चालत जावं लागायचं. एकटीला भीती वाटायची, म्हणून ती त्या दिवशीचा धडा मोठ्यानं म्हणत चालायची. उसात काम करणाऱ्या बायका तिला येडी मास्तरीण म्हणत. पुढं त्यांतलीच एक जण रोज कडेनं कडेनं तिच्याबरोबर चालू लागली. भीतीला सोबत म्हणून नाही, तर धडा ऐकायला. कविता आली की ती हातात खुरपं धरून जागीच थांबायची. पुढं तिनं आपल्या तीन मुली एकामागून एक ताईच्या वर्गात आणून बसवल्या, आणि त्यांतली धाकटी आता त्याच शाळेत शिक्षिका होती. निरोपाची शाल तिनंच ताईच्या खांद्यावर घातली होती.

ताईचं भाषण शाळेत दहा मिनिटांचं झालं असेल. आमच्या घरात ते जेवणाची वेळ टळून गेली तरी चाललं होतं. ती दम घ्यायला थांबली की दाजी फक्त म्हणत, "मग?" त्या एका शब्दाचा त्यांनी कसलाही अर्थ लावला नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, बायकोनं गॅस बंद केला, चहा गार झाला. एका ठिकाणी दाजी म्हणाले, "हे उसातलं तू मला कधी सांगितलं नाहीस." ताई म्हणाली, "सांगितलं होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात. तुम्ही म्हणालात, माहीत आहे."

दाजींनी मान खाली घातली. मग पुन्हा वर केली आणि विचारलं, "त्या बाईचं नाव काय?"

ताईनं नाव सांगितलं. मग आम्ही सगळे जेवायला बसलो. ताईनं भाकरी स्वतः वाढून घेतली, आणि एक संपल्यावर दुसरी मागितली. माझ्या बायकोनं मला टेबलाखालून पाय लावला.

दुपारी मी दोघांना स्टँडवर सोडायला गेलो. सांगलीची गाडी लागलेली होती. ताईला खिडकीजवळची जागा मिळाली, दाजी तिच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसले. मी खाली खिडकीपाशी उभा. काहीतरी बोलावं, पोचल्यावर फोन करा वगैरे, म्हणून मी वाट बघत होतो. पण ताईचं बोलणं अजून संपलंच नव्हतं. ती हातवारे करून काहीतरी सांगत होती, बहुतेक दुसऱ्या कुठल्यातरी वर्षाचं. दाजी तिच्याकडं वळून बसले होते, आणि त्यांचे डोळे उघडे होते. त्यांचे केस इतके पिकलेत हे मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. ताईचेही.

गाडी सुटली. मी हात वर केला. दोघांपैकी एकाचंही माझ्याकडं लक्ष नव्हतं. गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर वळेपर्यंत मी तसाच हात वर करून उभा होतो. शेवटी कंडक्टरनंच दारातून मला हात केला.